सात आटे

रात्री पावणेतीनला पहिली चावी.
लोखंडी टी खांद्यावर टाकून पार्कसाइटचा चढ,
पहारीनं झाकण उचलायचं, मग मोजून आटे.
बावीस उघडले की पाणी वरच्या चाळीपर्यंत चढतं,
पंचवीस केले तर वळणावरचा जुना जॉइंट फुटतो.
हे खात्याच्या कुठल्या वहीत नाही.
मयेकरांनी माझ्या मनगटाला शिकवलं आणि रिटायर झाले.

दुसरी चावी चारला.
मधला वेळ आधी तंबाखूचा होता,
गेल्या फाल्गुनापासून इंग्रजीचा.

कारण दर्शनाचं लग्न. व्याही मदुरैचे, सेल्वराज,
दवाखान्यात कंपाउंडर होते.
त्यांना हिंदी नाही, मला तमिळ नाही.
साखरपुड्याला आम्ही दोघं दोन तास
एकमेकांच्या पानात भात वाढत बसलो.

चौकीत खुर्चीवर पाय घेऊन चॅनेल शोधायला लागलो.
पहिला माणूस अमेरिकेचा, दात फार.
वाक्य सुरू झालेलं कळायचं, संपलेलं नाही.
विषय : तुम्ही करता त्या दहा चुका.
अरे, चूक करायला आधी वाक्य तर पाहिजे.

दुसरा कोटवाला. तीस दिवसांत फाडफाड.
वीस मिनिटं हिंदीत सांगत होता इंग्रजी किती सोपं आहे,
शेवटी फीचा आकडा तेवढा इंग्रजीत.

तिसऱ्यात हत्ती नाचत होता.
सगळं कळलं. एक शब्द नवा नव्हता.
सातवी पास माणसाला हत्तीनं टाळ्या वाजवून
शाब्बास म्हटलं की कसं वाटतं,
ते मी घरी सांगितलेलं नाही.

दर्शना फोनवर म्हणाली,
बाबा, दहातले सात शब्द कळले तर तो चॅनेल तुमचा.
दहाच्या दहा कळले तर सोडा.
तीनच कळले तर तोही सोडा,
पण नाव लिहून ठेवा.

म्हणजे प्रेशरच की.
हे आधी सांगायचं ना, पोरी.

मग ड्युटीच्या वहीत मागून रेघा मारत गेलो.
चार. दोन. नऊ. पुन्हा दोन.
अकराव्या रात्री एक म्हातारी सापडली,
स्वयंपाकघरात बटाटे सोलणारी,
प्रत्येक गोष्ट दोनदा सांगणारी,
दुसऱ्यांदा सांगताना सुरी थांबवणारी.
आय अ‍ॅम पीलिंग. नाऊ आय अ‍ॅम वॉशिंग.
सात. कधी साडेसहा.
तिला बघणारे आम्ही एकूण दोनशे बारा.

आता चावी फिरवताना मी मोठ्यानं म्हणतो,
आय अ‍ॅम टर्निंग. आय अ‍ॅम ओपनिंग.
रेशन दुकानापाशी झोपलेलं कुत्रं एक डोळा उघडतं,
मान तिरकी करतं.
त्याची लेव्हल अजून सापडलेली नाही.

परवा रविवारी सेल्वराजांचा फोन.
त्यांचं इंग्रजी आधी तीनवर होतं,
मग मी म्हटलं, स्लो, सर, आणि ते थांबले,
म्हातारीची सुरी थांबते तसे.
मिस्टर पाष्टे, व्हॉट वर्क, नाइट?
मी म्हटलं, आय ओपन वॉटर.
पलीकडे जरा वेळ काहीच नाही.
मग म्हणाले, फॉर हूम?

हूम बटाट्यांमध्ये आला नव्हता.
मी नुसतंच येस येस म्हणून घेतलं
आणि फोन ठेवल्यावर तो शब्द वहीत देवनागरीत उतरवला.
कोणासाठी.

तेव्हापासून आटे मोजताना चुकतोय.
सोळा, फॉर शेलारबाईचा पिंप.
सतरा, फॉर डायलिसिसवाला म्हात्रे.
अठरा, फॉर ती नर्स, डबा नळाखाली लावून
दारातच बसल्या बसल्या झोपणारी, तिचं नाव माहीत नाही.
एकोणीस.
वर कुठेतरी नळ आधी हवा ओकतो,
खाकरतो,
तोतरं काहीतरी बोलतो,

मग येतं.