सर्वांत पुढचं पान

वार्दोला नोव्हेंबरच्या शेवटी सूर्य रजेवर जातो
आणि जानेवारीचा मध्य उलटल्यावर उगवतो,
जसं काही झालंच नाही.
तेवढ्या काळोखात आम्ही दरवर्षी एक जाड कादंबरी संपवतो.
खातं एकच, पैसे एकदाच,
वाचणारे दोघं.

हल्वार्द फोनवर वाचतो, बोटीच्या इंजिनखोलीत,
ज्या फोनवर हवामान येतं, कॉडचा भाव येतो,
बँकेचं पत्र येतं, भावाचे शिळे विनोद येतात.
एका परिच्छेदात चारदा कुणीतरी दार वाजवतं.
हात ग्रीसने माखलेले,
म्हणून पान तो नाकाने उलटतो.
खरंच. मी पाहिलंय.
काचेवर तेलकट ठिपका असतो,
सगळ्या प्रकरणांना एकाच जागी.

माझ्याकडे पाटी आहे.
दुकानदाराने तिचं दुसरंच काही नाव सांगितलं होतं,
पण ती पाटीच. राखाडी, गप्प,
वाचून देण्यापलीकडे काही न येणारी.
पान बदलताना क्षणभर काळी होते,
जसं कुणी ओलं फडकं फिरवावं,
आणि पुसल्यावरही आधीच्या ओळीची पुसट सावली
रेंगाळते थोडी, पुढची ऐकायला.

मासळीच्या कारखान्यात आठ तास बर्फात हात घालून आले
की काच मला ओळखत नाही.
फोनला वाटतं, ही मेली.
पाटीला बटण आहे.
बटण कुणाचंही ऐकतं, लोकरी हातमोज्याचंसुद्धा.

बोट किनाऱ्याच्या टप्प्यात आली
की दोन्ही यंत्रं एकमेकांशी बोलून घेतात,
आमच्या आधी.
मग पाटी विचारते:
तुम्ही पान २१२ वर आहात.
दुसऱ्या उपकरणावरचं सर्वांत पुढचं पान ३४०.
तिथे जायचं?

नाही.

पण त्या आकड्यावरून मला कळतं
समुद्र कसा होता.
वादळात तो दहा पानंही सरकत नाही.
एकशे अठ्ठावीस पानं म्हणजे
पाणी शांत, जाळी रिकामी,
घरी आल्यावर पैशांचं विचारायचं नाही,
नुसतं वाढायचं.

यंदा डिसेंबरात भांडलो.
मुलगी म्हणते, घर विका, आल्टाला या.
मी हो म्हणाले, तो काहीच म्हणाला नाही,
आणि बूट न बांधताच धक्क्यावर गेला.

त्यानंतर ३४०.
दुसऱ्या आठवड्यातही ३४०.
नणंद म्हणाली, रेंज नसेल गं.
पण मंगळवारी बोट हॅमरफेस्टला लागली होती,
ते मला तिच्याच नवऱ्याकडून कळलं होतं.

मी वाचत राहिले. दुसरं काय करणार?
मधमाश्या पाळणाऱ्या त्या बाईची गोष्ट,
तिचा मुलगा, ती जप्ती, तो लांबलेला हिवाळा.
एका रात्री बटण दाबलं आणि ३४१ आलं.
इतक्या वर्षांत मी त्याच्या पुढे कधी गेले नव्हते.
उगाच मागे वळून दाराकडे पाहिलं.
आता त्याचा फोन त्याला विचारणार होता,
तिथे जायचं?

पान ३५५ वर मी एक वाक्य अधोरेखित केलं.
भारी वाक्यं होती त्या पानावर,
मृत्यूबद्दल एक, देवाबद्दल दीड.
ती सोडून मी हे घेतलं:
मग तिने किटली ठेवली.

चार दिवस काही नाही.
पाचव्या दिवशी पहाटे, म्हणजे घड्याळातल्या पहाटे,
पाटी उघडली तर ३७१.
आणि खाली एक ओळ आखलेली:
अजून गरम आहे का, त्याने विचारलं.

फोनवर रंग निवडता येतात.
त्याने कुठला निवडला, मला दिसत नाही,
माझ्याकडे सगळं राखाडीच उतरतं.
पण रेघ दोन शब्द उशिरा सुरू झालेली,
आणि शेवटी पुढच्या वाक्यात घुसलेली.

बोटाने इतकं चुकत नाही.

घराचं अजून काही ठरलेलं नाही.