चाळीस पावलं

शिरोड्याच्या देवळाच्या पायरीवर
इनास माझी पिशवी उपडी करतो.
"ही गिटारची. ही स्पीकरची,
जाड असा म्हणान बरी न्हय."
तिसरी नाकाशी नेतो. "आणि ही मिठागराची."
जॅकच्या मानेवर हिरवट पूड,
दोन पावसाळ्यांची.

मिक्सर पलीकडे, पिंपळाखाली.
त्याने पावलं मोजलीत.
"सिंथ दोन, म्हणजे वाटा चार.
साध्या तारेन इतक्या लांब धाडलस
तर जनरेटर तुझ्या सुरात मिसळतलो."

म्हणून डीआय बॉक्स, पुढे तीन पिनांची केबल:
एका तारेत सूर,
दुसरीत तोच सूर, उलटा.
वाटेतला कचरा दोघींवर सारखाच पडतो,
पोचल्यावर वजाबाकी,
आणि सूर तेवढा उरतो.
मी आणि दादा एकाच कटकटीत वाढलो.
आमची वजाबाकी कुणी केली नाही.

इनास फेडर वर नेतो.
मी काहीच वाजवत नाही.
तरी घूं, बारीक, खालून.
तो मिक्सर बंद करतो.
जनरेटरही.
घूं तशीच.

"दर्यो," म्हणतो, "तेका जॅक नाय,"
आणि डाव्या केबलला
दाताने तोडून
लाल टेप लावत बसतो.