लाइन गेली तेव्हा

तांडापेठेतली शाळा, सहावी ब.
एप्रिल. कूलर ट्रकसारखा घरघरतो,
मी त्याच्याही वर ओरडून अपूर्णांक शिकवते.
बाकं गोल मांडली, तक्ते लावले,
प्रशिक्षणात सांगितलं ते सगळं करून झालं.
पौर्णिमा हेडाऊ तरी गप्पच.

काल लाइन गेली.
कूलर थांबला, गल्लीतल्या मागांची खटखटही.
खडू फळ्यावर किती किरकिरतो
ते मलाच नव्यानं कळलं.

खिडकीजवळून एक बारीक आवाज –
"मॅडम, छेद मोठा झाला तं
तुकडा लहान काऊन होते?"

मला येत होतं उत्तर.
दिलं नाही. खडू दिला.
तिनं फळ्यावर भाकर काढली,
आधी चौघांत वाटली, मग आठ जणांत.

लाइन आली.
बटणाजवळचा भूपेश उठला,
माझ्याकडे बघत थांबला.