जाफ्राबाद वगळून

काझी सरांनी निवृत्तीआधी
सगळ्या यंत्रांना तालुक्यांची नावं दिली.
तेव्हापासून आमच्या बियाणे कंपनीत
मंठा हँग होतं, परतूर हळू चालतं,
आणि भर मीटिंगमध्ये कुणीतरी विचारतं,
अंबड कुणी बंद केलं?

खरं तर एकच लोखंडी पेटी आहे,
जालन्याच्या एमआयडीसीत, दुसऱ्या मजल्यावर, एसीखाली.
तिच्या पोटात आठ तालुके
एकमेकांचं तोंड न बघता नांदतात.

आज शनिवार. रात्री एक ते चार
राज्य माझं. म्हणजे माझ्या वेळापत्रकाचं.
मी नसले तरी चालावं, असंच ते लिहिलंय:
आधी प्रत्येकाचा जसा आहे तसा फोटो काढ,
बिघडलं तर परतायला.
मग एक वाजता बदनापूर. त्यावर
चाचणीशिवाय काही नाही, मेलं तरी कुणी रडत नाही.
अर्धा तास थांब.
ते धड उठलं तरच मंठा आणि परतूर.
मग भोकरदन, अंबड. मग घनसावंगी.
जालना सगळ्यात शेवटी,
सगळ्यांचा हिशेब त्याच्याकडे असतो.
जाफ्राबाद: वगळणे.

जाफ्राबादवर उगवण चाचणीचं जुनं सॉफ्टवेअर आहे.
ज्यानं लिहिलं त्याची कंपनी बुडाली.
एक हजार एकशे बारा दिवस ते झोपलेलं नाही
आणि हात लावायची कुणाची छाती नाही.
मी त्याच्याभोवती नुसती भिंत घातलीय.
दर महिन्याला अहवालात त्याची एक ओळ लिहिते,
दर महिन्याला साहेब ती वाचत नाहीत.

हे सगळं मी कॉलेजात शिकले, असं लोकांना वाटतं.

पप्पा नगरपालिकेत वॉलमन होते.
सायकलच्या दांडीला छातीएवढी चावी बांधलेली,
खिशात वही, घामानं फुगलेली.
लक्कडकोट, दीड ते अडीच.
कादराबाद, वरची गल्ली आधी, खालची नंतर.
खालची गल्ली शिव्या द्यायची.
पप्पा ऐकून घ्यायचे.
"सगळे वॉल एकदम उघडले ना पोरी,
तर शेवटच्या नळाला नुस्ता वारा येतो."
उघडून लगेच निघायचे नाहीत.
चावी पाइपावर टेकवायची, कान चावीला.
"चाललंय," म्हणायचे. मग सायकल.

दोन चाळीसला घनसावंगी खाली गेलं.
दोन पन्नास. परत आलेलं नाही.
पडद्यावर तीच ओळ, प्रतिसाद नाही, प्रतिसाद नाही.
पलीकडच्या रोलिंग मिलनं भट्टी ओढली,
दिवे जरा मंदावले, यूपीएसनं शीळ घातली.
फोटोवर परत जावं का? बोट बटणावर.
नियम वीस मिनिटांचा. माझ्याच हातचा नियम.
मी पेटीच्या पत्र्याला कान लावला.
पंखे. एक जरा घरघरणारा.
यातून काय कळणार होतं, मलाही माहीत नाही.

तेवढ्यात फोन थरथरला.
निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, तरी
या वेळेला त्यांना जाग येते.
यंत्रं त्यांना कळत नाहीत.
शनिवार कळतो.

"आलं का?"

आमच्या गल्लीत हा प्रश्न
एकाच गोष्टीबद्दल विचारतात.

"नाही अजून."
"थांब. लांबून येतंय ते. कॉक बंद करू नको."

फोन चालू ठेवून दोघं गप्प.
तिकडे कुठेतरी टाकी ठिबकत होती,
इकडे पंखे.
तीनला दोन कमी असताना
घनसावंगी हिरवं झालं.

"आलं," मी म्हटलं.
"भर मग," म्हणाले, आणि फोन ठेवला.

वेळापत्रकानं आपोआप जालना उचललं.
मी वही काढली. मी अजून वहीतच लिहिते.
सहा झाले. सातवं चालू.
जाफ्राबाद राहिलं.