खोल बाजू

तीन कोटेशनं आलीत.
मिठाच्या बरणीखाली ठेवलीत,
कारण मनोरीला चार वाजता वारा सुटतो
आणि कागद बावीस लाखांचा असो की नऊचा,
उडायला तेवढाच वेळ घेतो.

पहिलं घाटकोपरचं. गुळगुळीत फाइल.
आतल्या चित्रात आमचंच मागचं अंगण,
फक्त शेवगा नाही, कपड्यांची दोरी नाही,
आणि मी जिथे बोंबील वाळत घालते तिथे
एक गोरी बाई पाय सोडून बसलेली.
बावीस लाख चाळीस हजार, जीएसटी वेगळा.
"पाण्याची कड दिसणारच नाही, मॅडम.
वाटेल, पूल थेट समुद्रात सांडतोय."
मी म्हटलं, मधे परेरांचा संडास आहे.

दुसरं भाईंदरच्या भूपतभाईचं.
नऊ लाख. फायबरचा तयार टब, निळा.
"सकाळी बसवतो, संध्याकाळी पोहा."
टब आत कसा आणणार? क्रेनने.
आणि क्रेन?
तो गल्लीत गेला, हात पसरून चालून बघितलं,
दोन्ही कोपरं भिंतींना घासली.
तसाच पुढे गेला, परत आला नाही.
कोटेशन मात्र फोनवर येतंच आहे,
दर सोमवारी दहा हजारांनी स्वस्त.

निषाद म्हणतो, आई, हिशेब सोपा आहे.
पूल असेल तर शनिवार-रविवारचे अठरा हजार,
नसेल तर सहा, तेही घासाघीस करून.
पैसे माझ्या ग्रॅच्युइटीचे.

एकतीस वर्षं मी पाणी खात्यात,
तक्रारींच्या खिडकीवर.
नळाला पाणी नाही. नळाला पाणी नाही.
आहे पण गढूळ.
नळाला पाणी नाही.
म्हणून हाताला खोड लागलीय:
चोवीस बाय बारा, सरासरी सव्वाचार फूट,
म्हणजे चौतीस हजार सहाशे लिटर आणि वर थोडं.
माणशी पंचेचाळीसने भागलं.
सातशे सत्तर माणसं अंगणात उभी राहिली,
हंडे घेऊन, रांग न मोडता.
मी पेन बंद केलं.

तिसरा इनास डाबरे, वसईचा गवंडी.
सिमेंटने खाल्लेली बोटं.
त्याने टेप काढलीच नाही.
आधी विहिरीचं पाणी ओंजळीत घेतलं,
चाखलं, थुंकला. "मचूळ."
मग विचारलं, पावसात किती वर येतं?
म्हटलं, वाकून तांब्या भरता येतो.
"मग पूल कधी रिकामा ठेवायचा नाही, वैनी.
खालचं पाणी ढकलतं.
मढला बघितलाय मी, अख्खा पूल रात्रीत
हातभर वर आलेला, होडीसारखा,
टाइल्ससकट."
चहा संपवला. कप उपडा घातला.
"माझाच होता."

त्याचं कोटेशन एका लग्नपत्रिकेच्या पाठीवर.
सोळा लाख दहा हजार,
आणि खाली, वाकड्या अक्षरात:
खालच्या पाण्याला वाट, व्हॉल्व्हसकट, साडेचार हजार.
ही ओळ बाकीच्या दोन कागदांवर नव्हती.

निषाद चिडला.
ज्याचा पूल वर आला, त्यालाच काम द्यायचं?
मी म्हटलं, बाकीच्यांनी आपले सांगितले नाहीत.

आज सकाळी इनास फक्कीने रेघा मारून गेला.
परेरांची कोंबडी उथळ बाजूने शिरते,
खोल बाजूला जाऊन काहीतरी उकरते.
दुपारी कुणी नव्हतं तेव्हा मीही गेले आत,
पायऱ्या येणार आहेत तिथूनच,
गाउन उगाच जरा उचलून.
मला पोहता येत नाही.
कुणी विचारलंही नाही, मीही सांगितलं नाही.
खोल बाजू साडेपाच फूट. मी पाच फूट एक.
टाचा रेतीत रोवून उभी राहिले,
डोक्यावर पाच इंच मोजले,
तिथे दोरीवरची उशीची खोळ
अजून ओलीच होती.