मुहूर्त टळल्यावर

पर्वती पायथ्याला पाण्याच्या टाकीचं भूमिपूजन.
मी माइकवाला, सातपासून हॅलो हॅलो.
मुहूर्त नऊ सतराचा,
साहेब अजून नळस्टॉपच्या सिग्नलला.
"गुरुजी, जरा लांबवा," नगरसेवकाचा माणूस म्हणाला,
आणि घैसास गुरुजींनी
वरुणाला तिसऱ्यांदा बोलावलं.

मांडवाबाहेर गद्रेबाई, एकट्या,
हातात पुठ्ठा, फळ्यावरचं वळणदार अक्षर:
नळाच्या पाण्याला सोवळं कशाला?
कुणी म्हणालं, आपल्याच धर्माला नावं ठेवतात.
कुणी म्हणालं, मग मौलवींना बोलवा, भन्तेंनाही.
बाई म्हणाल्या, "कुणीच नको. प्लंबर बोलवा."

साडेदहा. ऊन नारळापर्यंत आलं.
गुरुजी उठले,
पंचाने मान पुसत बाईंच्या बाकाशी गेले.
बाईंनी पुठ्ठा सरकवला.
सोवळ्यातच चहा घेतला त्यांनी, अर्धा बशीत.

"पटतं हो तुमचं," म्हणाले.
"देवाला असं ताटकळत ठेवणं
मलाही बरं वाटत नाही.
पण अकराशे दक्षिणा आहे,
आणि आमच्या गल्लीलाही पाणी एकदाच येतं."

उपरण्याला लावलेला माइक
चालूच होता.

बटण माझ्या बोटाखाली.
नगरसेवकाचा माणूस हातवारे करत धावत येत होता.
मी वायर तपासत बसलो.