सुकतीचं शेत

हमद म्हणाला, स्कूटर इथवरच.
पुढं रस्ताभर लवंगा वाळत घातल्यात,
त्यांच्यावरून चाक नेलं
तर सासरा बोलणं टाकेल.

मी उतरले. चपला हातात घेतल्या,
चटयांच्या कडेकडेनं चालत राहिले.
नाक चुरचुरत होतं,
दाढेत कुठल्यातरी जुन्या ठणक्याची आठवण.

हॉटेलच्या कागदावर सहा किनारे होते. सहाही पाहून झाले :
त्याच छत्र्या, त्याच खुर्च्या,
तोच एक मुलगा शहाळं सोलणारा.
सातवा आहे का म्हणून विचारलं
तर हमदनं नुसती हनुवटी उचलली :
तिकडं. पण तिकडं कुणी जात नाही.

कुणी जात नाही.
पेंबा बेटावर येऊन एवढंच तर मला हवं होतं.

खारफुटीतून अर्धा तास. चिखल पोटरीपर्यंत.
एक नांगी उगारून खेकडा, नखाएवढा,
ओसाड नाक्यावर जकात मागत उभा.
मग झाडी एकाएकी सरली
आणि पुळण :
कुणी पाऊल न टाकलेली, पिठासारखी,
आणि पाणी असं भरून आलेलं
की काठावर उभं राहिलं तरी
आपण आगंतुक वाटावं.

मी एकटी.
पन्नाशीनंतर पहिल्यांदाच
कुणी बघत नसताना पाण्यात गेले,
सलवार फुगली, केस सुटले,
मोठ्यानं हसलेसुद्धा, उगाच, एकदा.
पायाला सारखं काहीतरी बुळबुळीत लागत होतं.
शेवाळ, मी म्हटलं, आणि वैतागून
मूठभर उपटून काढलं,
दूर फेकलं.

मग खडकाच्या सावलीत झोप लागली.

जाग आली तेव्हा समुद्र गेला होता.
अमावस्येची सुकती ती. क्षितिजाशी एक पांढरी रेघ,
आणि मधल्या ओल्या वाळूत
खुंट्याच खुंट्या. खुंटीला खुंटी जोडणारी सुतळी,
सुतळीला वितीवितीवर बांधलेले
शेवाळाचे तपकिरी झुबके.
वाफे होते ते.
ओळीनं, सरळ, कुणीतरी कमरेत वाकून लावलेले.

मी शेतात पोहले होते.

आणि त्या आल्याच, लांबून, बोलत बोलत,
गुडघ्यापर्यंत खोचलेले कांगे, डोक्यावर टोपल्या.
दहा-बाराजणी. दोघींच्या पाठीशी लेकरं.
शिकामो, मी पुढच्या म्हातारीला म्हटलं,
हमदनं शिकवलेलं एवढंच.
मरहबा, ती म्हणाली. माझी ओली सलवार पाहिली,
मग तुटलेली सुतळी पाहिली.
माझ्याकडं पुन्हा पाहिलं नाही.

फेकलेला झुबका शोधायला
मला बराच वेळ लागला.
एका डबक्यात सापडला, अजून ओला होता.
तो घेऊन गेले, वाकले, सुतळीला बांधला,
आयुष्यभर बांधत आले तशी पक्की निरगाठ.

म्वानाकोम्बो तिचं नाव, ते नंतर कळलं.
तिनं माझी गाठ दोन बोटांनी सोडवली,
सैलसर फास घातला
आणि तळवा उघडून, मिटून दाखवला :
वाढायला जागा लागते.
मग सुतळीचं दुसरं टोक माझ्या हातात दिलं
आणि आपली कामाला लागली.

पाणी परत येईपर्यंत धरून होते.
कंबर मोडली. मान भाजली.
माझ्यावरून त्या काहीतरी बोलायच्या, फिदीफिदी हसायच्या,
तातू नावाच्या पोरीनं माझ्या चालण्याची नक्कल केली,
ती हुबेहूब होती.

निघताना म्वानाकोम्बो पुढं झाली.
तिच्या कांग्याच्या काठावर अक्षरं छापलेली.
मागून चालत मी लावत गेले एकेक,
कळला एकच शब्द : बहारी.
बहारी म्हणजे समुद्र, हमदनं सांगितलेलं.
आमच्याकडं हा आवाज
झाडं फुलतात तेव्हा ऐकू येतो.
बाकीची ओळ घडीत गेलेली होती,
आणि घडी तिनं काही सोडली नाही.

सातवा सापडला का, हमदनं विचारलं.
माझ्या बोटांना खारट वास, नखांत सुतळीचे धागे.
मी म्हटलं, चल,
आणि त्या लवंगा आधी गोळा करू लाग त्यांना,
आभाळ बघ केवढं आलंय.